पेनड्राइव्हवरचा संसार

सन २०१९, मार्च महिना, आणि उन्हाळा नुकताच तापू लागलेला. अशा दिवसांत शहाण्या माणसाने पंखा पुसून घ्यावा. परंतु विमा कचेरीतून निवृत्त झालेल्या हेडक्लार्कांनी संगणकाची प्रणाली बदलण्याचे मनावर घेतले. कारण तो सुरू होईपर्यंत चहा होऊन, पिऊन, कपबशासुद्धा विसळून होत.

संगणक खिडकीजवळच्या टेबलावर होता आणि त्या टेबलावर पत्नीचा डोळा होता.

"अहो, एकतीस मेपर्यंत माझा स्मरणिकेचा लेख यावर टाइप होऊन गेला, तर हा डबा राहील. नाहीतर तो भंगारात आणि टेबल माझ्या शिलाई मशीनला."

बाई निवृत्त मुख्याध्यापिका. मुदतवाढ हा शब्द त्यांनी आयुष्यात उच्चारला नव्हता.

"बाबा, लिनक्स घाला," जावयाने फोनवर सुचवले. "जुन्या मशीनवरही पळतं."

लिनक्सची नाना रूपे असतात हे कळल्यावर हेडक्लार्कांनी ती मुलीला स्थळे पाहावीत तशी पाहिली. एक देखणे, पण उधळ्या स्वभावाचे (मेमरी फार खाई). दुसरे विद्वान, पण सदैव काळ्या पडद्यावर हुकूम टंकायला लावणारे. अखेर नवशिक्यांना सांभाळून घेणारे 'मिंट' पसंत पडले. जावयाने ते पेनड्राइव्हवर भरून पाठवले. हेडक्लार्कांनी तो खोचून संगणक सुरू केला मात्र, पडदा हिरवागार उजळला.

"झालं! आहे काय त्यात?"

पडद्याच्या कोपऱ्यात 'इन्स्टॉल' असे लिहिलेले एक चित्र होते. चालू असलेल्या गोष्टीला पुन्हा चालू करण्याचा हा आग्रह हेडक्लार्कांना उद्धट वाटला. त्यांनी ते चित्र कचरापेटीत टाकले.

दुसऱ्या सकाळी ते चित्र परत आले. वायफायचा पासवर्ड, मराठी कळफलक, पडद्यावरचे नातीचे छायाचित्र, सारे मात्र गेले होते. हेडक्लार्क डगमगले नाहीत. रोज अंघोळीनंतर ते सर्व पुन्हा मांडू लागले, चित्र पुन्हा कचरापेटीत टाकू लागले, आणि साडूंना ऐकवू लागले, "सुरक्षितता म्हणतात ती हीच! व्हायरसला मुक्कामाला जागाच नाही!"

मे महिन्यात बाईंचा अर्धा लेख एका रात्रीत नाहीसा झाला.

"अगं, बंद केलंस ना? हा बंद करायचा नसतो."

"मग काय पाळणा हलवत बसू?"

तेव्हापासून संगणक अहोरात्र चालू राहिला. लेख पूर्ण झाला. एकतीस तारखेला सकाळी बाईंनी विचारले, "छापखान्यात द्यायचाय. आहे कशात?"

"सगळं त्या पेनड्राइव्हमध्येच आहे," हेडक्लार्क दाढी करता करता अभिमानाने म्हणाले.

बाईंनी पेनड्राइव्ह उपटला, पर्समध्ये टाकला आणि त्या छापखान्यात गेल्या. छापखानेवाल्याने बराच वेळ पडद्याकडे पाहिले.

"काकू, यात लेख नाही, तो चालू संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीतच होता. अख्खी सिस्टिमच उपटून आणलीत तुम्ही."

इकडे घरी पडदा गोठला होता. हेडक्लार्कांनी बटण दाबून संगणक पुन्हा सुरू केला, तर चहा होऊन, पिऊन झाल्यावर जुनीच प्रणाली डोळे चोळत वर आली. नवी कधी घरात शिरलीच नव्हती. दोन महिने उंबरठ्यावर उभी होती!

बाई परतल्या, खुर्चीत बसल्या आणि त्यांनी पेनड्राइव्ह खोचून संगणक पुन्हा सुरू केला.

"हे 'इन्स्टॉल' कधी दाबलं होतंत?"

"ते... मी रोज कचऱ्यात टाकायचो."

"रोज?"

हेडक्लार्कांनी खिडकीबाहेर पाहिले. भंगारवाला अगदी त्याच वेळी ओरडत चालला होता.

बाईंनी जुन्या फायली पेनड्राइव्हवर नव्हे, तर रीतसर दुसऱ्या डिस्कवर उतरवल्या, पडद्यावरची प्रत्येक सूचना दोनदा वाचली आणि ते बटण दाबले. दुपारी लेख आठवून पुन्हा टंकला, आणि संध्याकाळच्या आत तो छापखान्यात ईमेलने पोहोचला. अट अक्षरशः पाळली गेली. डबा वाचला.

रात्री जेवणाआधी हेडक्लार्कांनी हळूच जावयाला फोन लावला.

"जावईबापू, काहीतरी बिघडलंय. साधं घड्याळ बदलायला गेलो तरी हिचा पासवर्ड मागतंय. प्रत्येक गोष्टीला हिची परवानगी!"

"मग बाबा," जावई म्हणाला, "आता अगदी बरोबर बसलंय."

अशा रीतीने शुक्रवार, दिनांक ३१ मे रोजी हे प्रकरण मिटले.