धनराज सरांनी मोजलेले वीस किलोमीटर

शर्यत वीस किलोमीटरची म्हटल्यावर वीस किलोमीटर मोजणं आलं, आणि असं काम धनराज सर दुसऱ्या कोणाला देतील तर शपथ. सकाळी चहा पिऊन त्यांनी घरासमोरून लुना काढली, मीटरचा आकडा हातावर लिहिला आणि मागे इसरूला बसवलं.

इसरू म्हणजे तळ्यावर मासे धरणाऱ्या आशाबाईंचा पंचवीस वर्षांचा मुलगा. कोणाच्या डोळ्यांत बघत नसे, फटाका वाजला की कान झाकून बसे, जाळ्याच्या गाठी मोजल्याशिवाय जेवत नसे. गाव त्याला अर्धवट म्हणे. सरही म्हणत. चुन्याची पिशवी धरायला मात्र तो त्यांना चालत होता.

गावाबाहेर शाळा आली, तसा मागून इसरू काहीतरी सांगायला लागला.

"तू गप राह्य," सर म्हणाले.

इसरू गप झाला. मोहर्लीच्या रस्त्यावर मीटरमध्ये दहा किलोमीटर भरले, तिथे चुन्याची रेघ मारून दोघं परत आले. शाळेपासून निघायचं, रेघेवरून वळून शाळेत यायचं, झाले वीस. सरांनी तसं फळ्यावर लिहूनही टाकलं.

आठ दिवसांनी शर्यतीच्या सकाळी आशाबाई सरांपुढे उभ्या राहिल्या.

"सर, इसरूचं नाव घ्या ना. रोज तळ्याले पळत चक्कर मारते तो."

"बाई, क्रीडा खात्याचे साहेब येऊन राह्यले. पहिला येईन त्याले जिल्ह्याच्या संघात घेणार आहेत. मधातच हा कान झाकून बसला तं माझी काय इज्जत राहीन?"

"पोरगं आठ दिवसांपासून एक शब्द बोललं नाई, सर. पळू द्या. त्याचं लई मन आहे संघात जायाचं."

"बोलत नाई ते तं बरंच आहे," असं म्हणत सरांनी यादीच्या तळाशी पेन्सिलनं नाव लिहिलं. छातीवर लावायचा नंबराचा बिल्ला काही दिला नाही. बिल्ले म्हणे मोजून आणले होते.

सवा तासानं शाळेजवळच्या वळणावर पहिला दिसला तो इसरू. मान खाली, ओठ मिटलेले. आशाबाईंनी पदर तोंडाला लावला. इसरू आला, फितीखालून वाकला आणि तसाच गावाकडे पळत निघून गेला.

"मी म्हटलं नव्हतं?" सर साहेबांना म्हणाले. "त्याले शर्यत समजतच नाई."

मागून सरांचा विद्यार्थी सूरज आला आणि त्यानं फीत तोडली. साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग कानाला लावून पाहिलं.

"वीस किलोमीटर एवढ्या वेळात? धनराज सर, कमाल केली तुम्ही."

सरांनी आपल्या शिकवण्याबद्दल चार शब्द बोलायला घेतले. सूरज पोहे खायला बसला. सर चौथ्या शब्दावर होते तेवढ्यात इसरू गावाकडून परत आला आणि फितीखालच्या रेघेवर दोन्ही पाय जुळवून थांबला. त्याच्या बऱ्याच मागून सरांच्या बायको रंजीताबाई धापा टाकत आल्या.

"अवो, हा आपल्या दाराले हात लावून पळाला. काय झालं काय?"

"कुठे गेला होतास रे?" साहेबांनी विचारलं.

इसरू सरांच्या चपलांकडे बघत राहिला.

"अरे, साहेब विचारून राह्यले," सर वैतागले. "बोल ना."

"बोलू?"

"बोल बाबा, बोल."

"मीटर तुमच्या घरून धरला, सर. घरून शाळा एक किलोमीटर. पळायचं होतं शाळेतून. जातानी एक कमी, येतानी एक कमी. अठराच भरले. दोन राह्यले होते, ते पळून आलो."

साहेबांनी रस्ता मोजून बघायला जीप काढायला सांगितली. सरांनी मानेनंच नको म्हटलं. त्यांना तो चहा आठवला, हातावरचा आकडा आठवला, आणि भर मैदानात कुठं तोंड लपवावं ते कळेना.

"खरं आहे, साहेब. चूक माझी आहे."

सूरजनं पोह्यांची बशी खाली ठेवली.

"म्हणजे वीस पूर्ण केले ते यानंच," साहेबांनी वही उघडली. "याचा नंबर काय?"

नंबर नव्हता. सरांनी स्वतःच्या खिशावरचा 'प्रमुख' लिहिलेला बिल्ला काढला आणि इसरूच्या बनियनला लावला. आशाबाई शेजारीच उभ्या होत्या, पण त्यांच्याकडे बघायची सरांची हिंमत झाली नाही.

"इसरू," ते हळूच म्हणाले, "त्याच दिवशी काऊन नाई सांगितलं बाबा?"

"सांगत होतो," इसरू म्हणाला. "तुम्ही गप राह्य म्हटलं. कवापर्यंत, ते नाई सांगितलं."