तळाला गेलेलं आलं

"आल्याचे तुकडे असे नुसते टाकायचे नाहीत हं. आधी त्यांना..."

आईचा आवाज मास्तरांच्या कानात इथवर अगदी स्पष्ट होता. पुढे कुकरची शिट्टी होती. त्या दिवशी ती नेमकी तेव्हाच झाली होती, आणि मास्तरांनी पुन्हा विचारलं नव्हतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. अर्ध्या गावाला त्यांनी मोटार चालवायला शिकवलं होतं. ज्याने चढावर थांबलेली गाडी मागे न घसरू देता शंभरदा पुढे काढून दाखवली, त्याला केक काय अवघड? तसं ते फोनवर थोरल्या ताईला बोलूनही बसले. "रविवारी ये. आईचा आल्याचा केक खाऊ घालतो. माझ्या हातचा."

ताई वर्षभर या घरात फिरकल्या नव्हत्या. आईचं केकचं जुनं भांडं मास्तरांनी भंगारात दिलं, त्या दिवसापासून. फोनवर त्या म्हणाल्या, "येते. पण जमला नाही, तर पुन्हा बोलावू नकोस."

साखरेत मुरवलेल्या आल्याची बरणी बायकोने भरून ठेवलेली होती. बिस्किटावर एकेक तुकडा, दुधाच्या मिठाईत बारीक चुरा, बरणीच्या तळाची साखर चहात. तिच्या हातून आलं कधी वाया गेलं नाही. केकमध्ये ते कसं घालायचं, हेही तिला सासूबाईंनी शिकवलं होतं. अडचण एवढीच, की दुपारी बारापर्यंत तिचं रोजचं मौन असे. लिहूनही सांगायचं नाही, खुणा तेवढ्या चालत. आणि मास्तरांना खुणा येत त्या फक्त रस्त्यावरच्या.

त्यांनी बरणी उचलताच तिने पिठाच्या डब्याकडे बोट दाखवलं आणि हात गोल गोल फिरवला.

"स्टिअरिंग पूर्ण फिरवू? हे घे." मास्तरांनी तुकडे ओतले आणि मिश्रण पुन्हा गरागरा ढवळलं.

तिने बोटं खाली करून पीठ भुरभुरल्यासारखी हलवली.

"वेग कमी? बरी आठवण केलीस." ओव्हनची आच उतरली.

तिने कपाळाला हात लावला.

"सलाम कसला करतेस? आधी खाऊन तर बघ."

केक बाहेर आला तो वरून गुळगुळीत, सोनेरी. मास्तरांनी कडेची एक फोड कापली आणि त्यांच्या चेहऱ्यातली हवाच गेली. वर सगळा कोरा केक, आणि आलं झाडून सगळं तळाशी, टोलनाक्यावर गाड्या तुंबाव्यात तसं.

"आटोपलं. ताई काही आता पुन्हा येत नाही." ते मटकन खुर्चीत बसले. "हे बघ, यातून सोडव. उद्या बारापर्यंत मीसुद्धा तोंड उघडणार नाही. शब्द देतो."

बायकोने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग केकवर ताट ठेवलं आणि दोन्ही हातांनी सगळं पालथं केलं. तळ वर आला, आल्याच्या चकाकत्या खड्यांनी मढलेला. कापलेली कड तिने भिंतीकडे वळवली.

"यू टर्न," मास्तर पुटपुटले. सकाळपासून एवढी एकच खूण त्यांना बरोबर कळली होती.

ताई आल्या. बसल्या. एक घास घेऊन बराच वेळ चावत राहिल्या. तेवढ्यात घड्याळात बाराचे ठोके पडले.

"आईच्या केकात आलं सगळीकडे असायचं," ताई म्हणाल्या. "वहिनी, तू काही खोटं बोलायची नाहीस. हे वर आलंय, ते मुद्दाम की चुकून?"

मास्तरांचा घास ब्रेक लागल्यासारखा घशातच थांबला.

बायकोने पाण्याचा घोट घेतला. "वर आणलंय ते मुद्दामच, ताई."

ताईंनी दुसरी फोड उचलली. "मला बाई असाच आवडला. आलं शेवटच्या घासाला राखून ठेवता येतं. पुढच्या रविवारी पुन्हा कर रे. भांडं मी घेऊन येईन. आणि ते भंगारात देऊ नकोस."

मास्तरांचा घास सुखरूप खाली उतरला.

"कोरड्या पिठात घोळवायचे तुकडे," ताई गेल्यावर बायको हळूच म्हणाली. "मग बुडत नाहीत. सासूबाई शिट्टीनंतर एवढंच म्हणाल्या होत्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहा ठेवला, तर मास्तर ओठ घट्ट मिटून समोर येऊन बसले. साखर किती, असं तिने चमचा दाखवून विचारलं. गाडी उजवीकडे वळवताना करतात तसा त्यांनी उजवा हात बाजूला लांब केला. तिला काही कळलं नाही. तिने चार चमचे घातले.

मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं. सात वाजत होते. त्यांनी कप तोंडाला लावला आणि निमूट प्यायला सुरुवात केली.