चुरगळण्याची परवानगी

चुरगळणं हे सगळ्यांनाच जमतं असं नाही. माणूस चुरगळला तर तो खचला म्हणतात, सदरा चुरगळला तर इस्त्रीला टाकतात. पण कर्तव्य म्हणून, ऐन वेळेला आणि सांगितलेल्या दिशेनेच चुरगळणारी वस्तू जगात एकच. अॅल्युमिनियमचं पोळं.

(मध शोधू नये. कागदासारख्या पातळ पत्र्याच्या षट्कोनी घरांचा तो जाडजूड ठोकळा असतो. भरधाव काही येऊन आदळलं, की ही घरं भात्यासारखी मिटत जातात आणि तडाखा स्वतःच गिळतात. मागच्या माणसापर्यंत पोचतो तो नुसता आवाज.)

अशा पोळ्यांवर पोलादी गोळे झाडून बघणारं एक आघात परीक्षण केंद्र होतं. गेल्या अकरा वर्षांत चाचण्या चारशे बारा, मोडलेली पोळी शून्य. असा विक्रम जगात दुसरीकडे नाही (दुसरीकडे पोळी मोडतात).

याचं श्रेय भांडारबाईंना. भांडाराचा नियम असा, की नेलेली वस्तू नेली तशीच परत आली पाहिजे. नाहीतर नेणाऱ्याचा खुलासा, चौकशी आणि बाईंचं बोलणं, या क्रमाने. त्याआधीचे दोन शास्त्रज्ञ बोलण्यानंतर नोकरी सोडून गेले. तेव्हा केंद्राने शास्त्रशुद्ध तोडगा काढला: गोळ्याचा वेग कमी करायचा. ताशी तीनशे किलोमीटरवरून नव्वद, नव्वदवरून सायकलचा, आणि शेवटी गोळा दोन्ही हातांत धरून पोळ्याला अलगद टेकवायचा. टेकवताना शिंकू नये, असं परिपत्रकच होतं. हवेच्या दाबावर चालणारी तोफ रिकामीच असे, म्हणून तिच्या नळीत कर्मचारी ओल्या छत्र्या ठेवत.

गोळा टेकवणाऱ्याला सगळे मापाड्या म्हणत. तीन वर्षं त्याने निष्ठेने गोळे टेकवले आणि ‘वर्तन समाधानकारक’ असं लिहिलं. मग एके दिवशी त्याच्या ताईला नव्या वेगवान रेल्वेगाडीची चालक नेमलं. पहिली फेरी सोमवारी. तिच्या केबिनच्या पुढ्यात हेच पोळं बसणार होतं.

“काय रे, तुमचं ते जाळीचं टिकेल ना?” ताईने भांडी विसळता विसळता विचारलं.

“त्याने टिकायचं नसतं, ताई. मोडायचं असतं.”

“मग मोडतं का नीट?”

मापाड्याने चहाचा कप खाली ठेवला. हा प्रश्न अकरा वर्षांत कोणी विचारलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने तोफेतून सात छत्र्या काढल्या, पोळ्याच्या मागे टेकवून लाकडी चालक बसवला आणि ताशी तीनशेने गोळा झाडला. पोळ्याने कमाल केली. समोरची घरं आधी मिटली, मग त्यांच्या मागची. इतक्या वेगात आरामात घड्या घालायला सवड नसल्यामुळे ती उलट जास्तच चिवटपणे झुंजली. गोळा अर्ध्या वाटेत थांबला. लाकडी चालकाची टोपीसुद्धा हलली नाही. मापाड्याने एकट्याने टाळ्या वाजवल्या.

“हे काय?” भांडारबाईंनी विचारलं.

“बाई, हा निकाल आहे.”

“निकाल राहू दे. आधी सरळ करून आण.”

“ते आता सरळ होत नाही.”

“मग वाकवलंस कशाला? घरच्या वस्तू अशाच वापरतोस?”

पाच जणांची समिती बसली. मोठ्या साहेबांनी चेंदामेंदा झालेलं पोळं हळहळत न्याहाळलं. “एकदाच आदळलं आणि एवढ्यात मोडलं! अशी लाजाळू वस्तू गाडीला लावायची?” पोळं नापास झालं. त्याच्या जागी चार बोटं जाडीची पोलादी फळी आली. तिच्यावर तोच गोळा झाडला. फळीवर ओरखडा नाही. भांडारबाईंनी ती फडक्याने पुसली आणि आयुष्यात पहिल्यांदा हसून पोचपावती दिली.

फळीने तडाख्यातलं स्वतःकडे काहीच ठेवून घेतलं नव्हतं. होता नव्हता तो सगळा मागे पाठवला होता. लाकडी चालक नऊ तुकड्यांत सापडला (दहावा कपाटावर). पण तो सुतार विभागाच्या नोंदवहीतला, त्यामुळे समितीच्या कक्षेबाहेर होता.

मापाड्याने ताईला तुकड्यांचा फोटो दाखवला. मग ती भावाला घेऊन थेट गाडीच्या कार्यालयात गेली. “पोळं लावा, नाहीतर मी चालवणार नाही.”

तिथले साहेब लोकशाहीवादी होते. म्हणाले, “प्रवासी म्हणतील तसं करू.” तिकिटासोबत प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: ‘गाडीच्या पुढे काय असावं, पहिल्याच धडकेत मोडणारी वस्तू की कधीच न मोडणारी?’

शंभरातल्या शंभर जणांनी दुसऱ्यावर खूण केली. काहींनी तर शेजारी ‘भक्कम हवी!’ असंही लिहिलं.

ताईने केबिनची किल्ली टेबलावर ठेवली आणि ती जिना उतरली. दुसरा चालक तासाभरात मिळाला. मापाड्याचा जीव भांड्यात पडला. सोमवारच्या गाडीत आता त्याच्या ओळखीचं कोणीच नाही. तुम्ही आहात म्हणा, पहिल्या डब्यात, खिडकीशी. आणि ‘भक्कम हवी’च्या पुढचं ते उद्गारचिन्ह तुमचंच.