थोरल्या विंडोजची जागा

आमच्या संघदीपचं एक वागणं मला कधीच पटलं नाही. साठी ओलांडलेली आई समोर बसलेली असताना हा पोरगा कॉम्प्युटरला विचारतो. तुरीवर काय फवारायचं, कॉम्प्युटरला. छातीत जळजळतं, कॉम्प्युटरला. आणि जी गोष्ट बरी चाललेली आहे ती बदलायची असेल तर मात्र कुणालाच विचारत नाही, कॉम्प्युटरलासुद्धा नाही.

मेडशीच्या स्टँडसमोर त्याचं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि लग्नाच्या पत्रिका. गेल्या रविवारी त्याच्या डोक्यात आलं की मशीन हळू चालतं. झालं, त्यातली जुनी विंडोज काढली आणि नवी टाकली. विंडोज म्हणजे त्या डब्याचा कारभारी, एवढं मला समजतं. कारभारी बदलला की जुनी माणसं कशी बावरतात, तसं त्या मराठी टाइप करायच्या जुन्या प्रोग्रामचं झालं. तो नव्या विंडोजवर उघडेचना. आणि त्याच प्रोग्राममध्ये माझ्या पोरीच्या, यशोधराच्या लग्नाची पत्रिका तयार करून ठेवलेली होती.

संघदीपनं ती दुसऱ्या कशात तरी उघडून पाहिली. मंगल परिणयाच्या जागी रेघोट्या, आणि जिथे मारोतरावांचं नाव होतं तिथे सात चौकोन.

मारोतराव म्हणजे माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. एसटीत कंडक्टर होते. दोन वर्षांपूर्वी कामरगावच्या एका लग्नाच्या पत्रिकेत त्यांचं नाव नवव्या नंबरवर छापलं गेलं, तर ते गेले नाहीत. इस्त्रीचे कपडे घालून दिवसभर ओट्यावर बसून राहिले, पण गेले नाहीत. यशोधराचे वडील आता नाहीत. लग्नात बापाच्या जागी उभं राहणार ते मारोतराव. ते ओट्यावर बसले तर माझी पोरगी कुणाकडे पाहणार?

म्हणून ती यादी मी स्वतः लावली होती. एकशे चौदा नावं, अकरा दिवस. कोण कोणाच्या वर, कोण कोणाच्या शेजारी, कोणाच्या नावापुढे गेलेल्यांचं कालकथित, कोणाच्या नावापुढे हयातांचं आयुष्मान. मंजुषानं, म्हणजे माझ्या सुनेनं, टाइप केली. एक प्रत छापून मारोतरावांकडून पास करून घेतली. मग मी दोन हुकूम काढले. एक, छापून होईपर्यंत पत्रिका कोणाच्याच मोबाइलवर जायची नाही. ज्यांची नावं खाली आहेत त्यांचे फोन आधी येतात. दुसरा, खाडाखोडीचे सगळे कागद चुलीत. ते मी स्वतःच्या हातानं घातले. ह्या दोन्ही गोष्टी तेव्हा मला फार हुशारीच्या वाटल्या होत्या.

शुक्रवारी सकाळी पत्रिका मालेगावच्या प्रेसमध्ये द्यायची होती. गुरुवारी दुपारी मी लोणच्याचा मसाला कालवत होते, तर संघदीप जुन्या विंडोजची सीडी घेऊन आला आणि मला दुकानात घेऊन गेला.

"आई, तू फक्त बस. कोणी आलं तर सांग, दुकान बंद हाय."

"अन् तू काय करून राह्यला?"

"जुनी विंडोज परत टाकतो."

"मंग काढली काहून होती?"

त्यानं सीडी आत सरकवली. पडदा निळाशार झाला होता आणि त्यावर पांढरी अक्षरं. त्यानं मला समजावलं, ते मात्र नीट समजावलं. म्हणाला, ह्या डिस्कचे दोन भाग केले. हा चारशेचा मोठा भाग, यात नवी विंडोज हाय अन् आपलं सगळं सामान हाय. हा साठचा लहान भाग, रिकामा. जुनी विंडोज इथं टाकायची. बाणाचं बटन दाबलं की ही पांढरी पट्टी खालीवर होते. पट्टी ज्याच्यावर, विंडोज त्याच्यात.

"म्हणजे जुनीले लहान?" मी विचारलं.

"तिले पुरते."

"अन् नवीले मोठा?"

"आई, ते तसंच असते."

तेवढ्यात मालेगावची एसटी लागली. पत्रिकेचा जाड कागद प्रेसवाल्याकडे नव्हता, तो आणायला संघदीपला जायचंच होतं. "कशाले हात लावू नको," असं ओरडत तो धावला आणि गाडीत चढला.

मी बसले. पंखा फिरत होता. समोर ती पांढरी पट्टी साठावर बसलेली. इंग्रजी अक्षरं मला येत नाहीत, पण आकडे येतात; मोबाइलनं शिकवले. मी त्या साठाकडे बघत राहिले आणि मला राग यायला लागला. अकरा दिवस मी हेच करत होते ना? वडील माणूस वर, धाकटं खाली. आमच्या घरात नवी सून आली तेव्हा सासऱ्यांची खोली कोणी तिला दिली नाही. ही नवी विंडोज रविवारी आली. हिला चारशे. आणि जिनं नऊ वर्षं दुकान चालवलं, जिच्यामुळे आमच्या घरात भाकर भाजली, तिला साठाची कोठडी.

मी बाण एकदा दाबला. पट्टी चारशेवर गेली. फार सोपं होतं. मला वाटलं, आला की सांगीन, बघ, असं पाहिजे.

फोन वाजला. संघदीप एसटीतून बोलत होता, मागे इंजिनाची घरघर.

"आई, गाडी पाटणीजवळ थांबून हाय. यायले वेळ लागंल. तो निळा पडदा तसाच हाय ना?"

"हाय."

"पट्टी तिथंच हाय ना?"

आता ह्या प्रश्नाला एकच खरं उत्तर होतं. पण त्यानं 'कुठे आहे' असं विचारलं नाही, 'तिथंच आहे ना' असं विचारलं. आणि मी केलेल्या गोष्टीवर मला नंतर वाद घालायला आवडतं, आधी नाही.

"जिथं पाह्यजे तिथं हाय," मी म्हणाले.

"मंग एक काम कर, तेवढाच वेळ वाचंल. एंटर दाब. ते मोठं बटन."

दाबलं.

"पडदा बदलला का? काय लिहून आलं?"

बरंच काही लिहून आलं होतं. दोन ठिकाणी तर ठळक होतं. मी तिसरीपर्यंत शिकलेली बाई. पण भर एसटीत बसलेल्या मुलाला मी त्याची आठवण कशाला द्यावी?

"जे यायले पाह्यजे तेच आलं."

"बरं. अजून एक एंटर. आता एफ दाब. डाव्या हाताच्या बाजूले एक बटन हाय, त्याच्यावर बारीक उंचवटा हाय. बोट फिरवून पाह्य."

मी बोट फिरवलं. तांदळातला खडा लागावा तसा उंचवटा लागला. दाबला.

"पिवळी पट्टी सरकून राह्यली का?"

"सरकून राह्यली."

"वा, आई. तू तर इंजिनियर झाली."

खरं सांगते, त्या पिवळ्या पट्टीकडे बघताना मला जो अभिमान वाटला तसा पोरं पास झाली तेव्हाही वाटला नव्हता. मंजुषा बचत गटाच्या बैठकीहून आली, तर मी तिलाही बोलावून दाखवलं. "पाह्य, मी टाकून राह्यली विंडोज."

संध्याकाळी पाचला संघदीप आला. राहिलेले प्रश्न त्यानं स्वतः भरले, जुना प्रोग्राम टाकला, तो लगेच उघडला. मी तिघांसाठी चहा सांगितला. संघदीप पत्रिका शोधायला गेला. एकदा गेला, दोनदा गेला. चहावर साय आली.

"आई, मोठ्या भागातलं सामान कुठं गेलं?"

"मले काय माहीत. मी इथून हलली नाही."

त्यानं दोन्ही भाग पुन्हा उघडून पाहिले. मग अगदी हळू बोलला, "जुनी विंडोज मोठ्या भागात बसली. तिथलं सगळं पुसलं. नवी विंडोज, पत्रिका, यादी, सगळं." त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "गाडी पकडायच्या घाईत मीच पट्टी चुकीच्या जागी ठेवून गेलो."

मी माझ्या कपावरची साय बाजूला सारली. वाशीमला कोणीतरी पुसलेल्या फायली काढून देतो, पण त्याला आठ दिवस लागतात आणि मिळेलच असं नाही, असं तो मंजुषाला सांगत होता. मंजुषा ऐकत नव्हती. ती कीबोर्डकडे बघत होती. वरच्या बाणावर, एंटरवर आणि त्या उंचवट्याच्या बटनावर लोणच्याच्या हळदीचे पिवळे ठसे होते, एकदम ताजे. इतर कोणत्याच बटनावर नव्हते. तिनं माझ्या बोटांकडे पाहिलं. मग पदराचं टोक घेतलं, बाणाचं बटन हळूच पुसलं आणि म्हणाली, "चहा गरम करून आणते."

तेवढं एकच बटन पुसलं तिनं. बाकीची दोन तर संघदीपच्याच सांगण्यानं दाबली होती.

सुनेनं भांडण केलं असतं तर मी जिंकले असते. भांडणात मला कोणी हरवलेलं नाही. पण त्या पुसण्याला काय उत्तर द्यायचं? जमीन दुभंगेल तर बरं असं वाटलं, तर खाली शहाबादी फरशी.

यादीची शेवटची प्रत एकाच ठिकाणी असू शकत होती. ज्या माणसानं तीस वर्षं तिकीट फाडलं, तो कागदाचा एक भाग स्वतःकडे ठेवल्याशिवाय राहणार नाही. आम्ही तिघं मारोतरावांच्या घरी गेलो. ते ओट्यावरच होते. संघदीपनं पायरीवर उभं राहून दोन्ही कान धरले.

"मोठेबाबा, माह्याकडून चूक झाली. तुमी पास केलेली पत्रिका पुसल्या गेली."

"पुसल्या गेली," मारोतराव म्हणाले. "माहं नाव?"

"सगळ्यायचं."

"सगळ्यायचं मी विचारलं नाही."

मग त्यांनी सविस्तर विचारलं, अपघाताचा पंचनामा करतात तसं. संघदीप कान धरूनच सांगत होता. डिस्कचे दोन भाग, मोठ्यात नवी, लहान जुनीसाठी. त्याचे कान लाल झाले होते. बत्तीस वर्षांचा बाप्या, दुकानाचा मालक, गल्लीतली माणसं थांबून बघतात. मी खांबाला टेकून उभी होते आणि माझी बोटं पदरात लपवली होती.

"थांब," मारोतराव म्हणाले. "जुनीले तू लहान भाग देऊन राह्यला होता?"

"हो, मोठेबाबा."

"अन् कालची आली तिले मोठा?"

"हो."

"काहून? जुनी म्हणजे काय भाड्यानं आली होती?" त्यांचा आवाज चढला. "मंग ती मोठ्या भागात जाऊन बसली ते बराबर केलं तिनं. मी असतो तरी तिथंच बसवलं असतं."

चार दिवसांपासून मला कोणी इतकं शहाणं बोलताना भेटलं नव्हतं. माझ्यानं राहवलं नाही.

"दादा, मी तेच म्हणलं," मी पुढे होऊन म्हणाले. "म्हणूनच तर मी पट्टी वर नेली."

मंजुषानं डोळे मिटून घेतले. संघदीपचे हात कानांवरून हळूहळू खाली आले. गल्लीतून जाणारी शेजारीण देवला घागर घेऊन उभीच राहिली.

मारोतराव ओट्यावरून उठले. मग आत गेले, पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि ते चार घड्या घातलेला कागद घेऊन बाहेर आले. एकशे चौदा नावं, जशीच्या तशी, पहिलं त्यांचं. कागद त्यांनी संघदीपला दिला नाही, मला दिला. पण आधी वहीत लिहून माझी सही घेतली. 'पत्रिकेची प्रत मिळाली, कारण स्वतःची पुसली.' ती ओळ मला वाचता आली, मराठीत होती. सही करताना माझी बोटं सगळ्यांना दिसली. हळद अजून गेलेली नव्हती.

"वच्छला," ते म्हणाले, "लग्नाले मी येतो. मले पाहायचं हाय, तू स्टेजवर कोणाले कुठं बसवते."

आम्ही परत आलो. मंजुषा दुकानात बसून नावं टाइप करू लागली, मी एकेक वाचून दाखवत होते. चाळिसाव्या नावाशी संघदीप माझ्या शेजारी येऊन बसला. रागावलेला नव्हता, तेच जास्त अवघड होतं.

"आई," तो म्हणाला, "नवी विंडोज पुन्हा टाका लागंल. कुठं टाकू?"

बापजन्मात पहिल्यांदा त्यानं कॉम्प्युटरच्या आधी मला विचारलं होतं. मी कागद खाली ठेवला, चष्मा काढला आणि त्याला सांगितलं, "चूक माही हाय, संघ्या. तू कान धरले अन् मी पाहत राह्यली, ती दुसरी. दोन्ही माह्याच. आता नवीले त्या साठात टाक, अन् यापुढं मले राखणीले बसवायचं असंल तर कॉम्प्युटरची वायर काढून घेऊन जात जा."