घट्ट पकडीचं पॉलिमर

ऋताच्या मुलाखतीच्या सकाळी घरचं वायफाय गेलं आणि सिंचन खात्यातून निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच गुणाकररावांवाचून कुणाचं तरी अडलं. हैदराबादच्या प्रयोगशाळेतली नोकरी आता त्यांच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर अवलंबून होती, आणि मोबाईलला नेट मिळे ते फक्त ऋताच्या खिडकीत, तेही हात वर केल्यावर.

"बाबा, फोन खिडकीत ठेवा अन् जा तुम्ही."

"पडला तं? मी धरून उभा राह्यतो. समज, मी नाहीच."

मुलाखत सुरू झाली. ऋता सांगू लागली, रोग बरा करणारा जीन एकटा निघाला तर पेशीपर्यंत पोचत नाही, वाटेतच त्याचे तुकडे होतात. म्हणून तो पॉलिमरमध्ये गुंडाळून पाठवायचा. गुणाकररावांनी समाधानानं मान डोलावली. दहावीत तेही तिला असंच शिकवणीला नेत, दोन स्वेटरांत गुंडाळून, स्कूटरवर.

इतक्यात दारातून ऋताची आई अलकनंदाबाई कुजबुजल्या, "अवं, वसंता भाऊजी खैरलांजीहून आले. मुलाखत कशी झाली, विचारून राह्यले."

"त्याले सांग, चालू हाय!" गुणाकररावही कुजबुजले, पण कालव्यापलीकडच्या मजुरांशी बोलायची सवय जुनी होती.

पडद्यावरच्या मॅडम थांबल्या. "पीछे कौन हैं?"

"पापा हैं, मॅडम. नेट पकड़के खड़े हैं."

"अरे, मराठी का तुम्ही? मग मराठीतच बोलू. त्यांना बसायला सांग."

"नाही नाही, नेट जाईन!" गुणाकररावांनी हात आणखी उंच केला.

मॅडम हसल्या आणि त्यांनी लगेच नेमकं विचारलं, "तुझं पॉलिमर जीनला पेशीत नेतं. मग पुढे काम का होत नाही?"

ऋतानं मागे न बघता उत्तर दिलं. "पकड फार घट्ट आहे, मॅडम. पोचल्यावरही सोडत नाही. जीन आतल्या आत अडकून राहतो."

गुणाकररावांचा हात केव्हाचा दुखत होता. आता आणखी कुठेतरी दुखलं.

"उपाय?"

"मधे असे सांधे घालायचे, जे पेशीत शिरले की आपोआप तुटतील."

नोकरी मिळाली. गुणाकररावांचा बेत महिनाभर हैदराबादला राहून तिची खानावळ पक्की करण्याचा होता. तो त्यांनी मोडला. "बालाघाट स्टेशनवरूनच परततो," त्यांनी जाहीर केलं. "पोचवलं की सुटलं पाह्यजे. सायन्स हाय ते."

"पाहू," अलकनंदाबाई म्हणाल्या.

स्टेशनवर ते फक्त बॅग ठेवायला डब्यात चढले. बॅगेला साखळी लावली. साखळी ओढून पाहिली. कुलूप ओढून पाहिलं.

"बाबा, उतरा."

"हौ, उतरतो ना. खिडकी लागते का, तेवढं पाहू दे."

खिडकी लागली. गाडीही सुटली.

अलकनंदाबाईंचा फोन आला. "कुठी आहा जी? चहा ठेवू काय?"

"गोंदियाले उतरतो," गुणाकरराव म्हणाले. "सांधा तुटाले जरा टाइम लागून राह्यला."

गोंदियाला ऋताला गाडी बदलायची होती. गुणाकररावांनी या वेळी मन घट्ट केलं, "बरं, जातो," म्हणाले आणि वळून निघाले. पण पाऊल पुढे पडेना. त्यांनी मागे पाहिलं. त्यांच्या शर्टाची बाही ऋतानं मुठीत धरली होती, आणि ती सोडायचं नाव घेत नव्हती.