निखाडे सरांचं फ्लोराइड

निखाडे सर अनोळखी माणसाला नाव विचारत नाहीत. "आ कर," म्हणतात. समोरच्यानं तोंड उघडलं की चष्मा कपाळावर चढवून ते दात पाहतात आणि गाव सांगतात. "झरीकडचा दिसतं. लहानपणी बोअरचं पाणी पेला." तो बिचारा पासपोर्ट फोटो काढायला माझ्या स्टुडिओत आलेला असतो. फोटोसाठी हेही करावं लागत असेल असं समजून तो निमूट आ करतो.

पांढरकवड्यात माझा स्टुडिओ आहे आणि बाजूच्या घरात सर एकटे राहतात. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. मी त्यांचाच विद्यार्थी, आणि गचकलो तोही त्यांच्याच विषयात. रिटायर झाल्यापासून त्यांची दुपार माझ्या काउंटरवर जाते. लग्न केलं नाही. काहून, म्हणून विचारलं तर म्हणतात, "मी अरगॉन हाय बे, रफिक. निष्क्रिय वायू. कोणासंग जुळतच नाही."

स्वतः जुळत नाहीत, पण दुसऱ्यांची जुळणी सांगण्यात मोठा रस. त्यातही धातू आणि फ्लोराइड यांची. काउंटरवर त्यांनी काचेच्या ग्लासात पाणी घालून एक जांभळा खडा ठेवलाय. "कॅल्शियम फ्लोराइड," ते गिऱ्हाइकांना सांगतात. "कवापासून पाण्यात हाय. विरघळला काय? नाही. फ्लोराइडले कॅल्शियम दिसलं का त्याचा हात धरते, आन् एकदा धरलं का सोडत नाही." एका बाईंनी खड्याला नमस्कार करून विचारलं, "कोणत्या ग्रहाचा हाय जी?" सर म्हणाले, "कॅल्शियमचा." बाई मान डोलावून गेल्या. पुढच्या आठवड्यात जावेला घेऊन आल्या.

खडा झाला की सर पाण्यावर येतात. "ज्या पाण्यात डाळ पटकन शिजते ना, त्या पाण्यावर माह्या पह्यला डोळा. डाळ शिजते म्हंजे पाण्यात कॅल्शियम कमी. कॅल्शियम कमी म्हंजे फ्लोराइड मोकळं फिरून राह्यलं. मंग ते तुह्या हाडातलं कॅल्शियम पाह्यते आन् तिथं जाऊन बसते." लहानपणी असलं पाणी पोटात गेलं तर दातांवर कायमचे तपकिरी पट्टे येतात. मोठेपणी प्यालं तर दात वाचतात, हाडं जातात. सरांच्या स्वतःच्या दातांवर तसे पट्टे आहेत. जगाला आ करायला लावणारा हा माणूस हसताना मात्र तोंडावर हात धरतो. मी कॉम्प्युटरवर कोणाचे दात पांढरे करायला घेतले की भडकतो. "खोटारड्या! पाण्यानं जे केलं ते राहू दे दिसू."

सरांच्या खिशात एक बाटलीही असते. लाल द्रावणाची, पाण्यातलं फ्लोराइड ओळखायला. आर्णीला एका लग्नात मी शूटिंगला होतो आणि सर पाहुणे. जेवणाच्या पंगतीत त्यांनी पाण्याच्या ग्लासात बाटलीतले थेंब टाकले. लाल रंग उतरून पाणी पिवळट झालं. सर उठून उभेच राहिले. "पाहा! झिर्कोनियम आतापावतर रंगासंग नांदून राह्यलं होतं. फ्लोराइड दिसलं, रंगाले सोडलं आन् त्याच्यासंग पळून गेलं!"

नवरीचा मामा धावत आला. "कोण पळालं?"

मी म्हटलं, "धातू आहे हो एक, काही नाही."

"कोणत्या गावचा?"

राजेहो, मामाला शांत करता करता माझं अर्धं शूटिंग गेलं. सर तिकडे कढीभात जेवत बसले. हो, कढीभात. कारण सर वरण खात नाहीत. आमच्याकडे बांधाबांधावर तूर, पंगतीत वरण नको म्हणणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार लावण्यासारखंच. वाढपी वरणाची बादली घेऊन आला की सर ताटावर दोन्ही हात आडवे धरतात. कोणी म्हणे गॅस होतो, कोणी म्हणे नवस आहे. विचारलं तर एकच उत्तर, "वरणाचं आन् माह्यं जमत नाही."

कपड्यांचं तर विचारूच नका. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. माझ्या स्टुलावर बसायच्या आधी रुमालानं तीनदा झटकतील. पण दर रविवारी हाच माणूस स्कूटरच्या पायाशी पाण्याच्या दोन कॅन ठेवून झरीकडच्या आपल्या गावी बहिणीकडे जातो, आणि संध्याकाळी परततो तेव्हा शर्टाची पाठ मातीनं भरलेली. समोरून चकाचक, मागून अंगण! बाजारानं निकाल केव्हाच दिला होता: मोहाची दारू. समोरचा टेलर तर मान हलवून सांगायचा, "सर रविवारी टुन्न होऊन पडतात कुठंतरी." मी एकदा विचारलं, "सर, पाठीला माती?" ते म्हणाले, "असू दे." मग मलाही टेलरचंच खरं वाटायला लागलं.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. सर दुकानात आले. एक गिऱ्हाईक बसलं होतं, त्याला आ कर म्हणाले नाहीत. तेव्हाच मला धास्ती वाटली.

"रफिक, माह्या अक्काचा फोटो काढून दे. चेहरा दिसला पाह्यजे."

अक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण. आई लवकर गेली, हिनंच यांना वाढवलं. दवाखान्यातून नुकतीच घरी आणली होती. डॉक्टर म्हणाले होते, आता घरीच ठेवा.

"दोन फोटोवाले येऊन गेले," सर म्हणाले. "दोघायनं डोक्याचाच काढला. तिचा चेहरा नाही रे माह्यापाशी. ती गेल्यावर मी पाहू काय?" असं बोलताना त्यांनी ग्लासातला खडा काढला, पुसला आणि पुन्हा पाण्यात ठेवला.

रविवारी मी कॅमेरा गळ्यात अडकवून स्कूटरवर त्यांच्या मागे बसलो. अक्का काठी टेकत अंगणात आली आणि फोटोवाल्यांचा काय दोष ते कळलं. कंबर काटकोनात वाकलेली, पाठीचा कणा आखडून लाकूड झालेला. मान वळत नव्हती. मला दिसला तो पांढऱ्या केसांचा भांग. तोंड पूर्ण जमिनीकडे.

मी म्हटलं, "अक्का, जरा वर पाहता का?"

"वरचं मले नको इचारू बाप्पा," खालून आवाज आला. "खालचं इचार. कोणाची कोंबडी कुठं अंडं घालते ते सांगीन."

मी गुडघ्यावर बसलो, नुसतं कपाळ दिसलं. बाजेवर कुशीवर झोपवून काढू म्हटलं, तर अक्का कडाडली, "आडवी कायले काढतं रे? मेल्यावर काढजो!" मी हात टेकले. अक्काचं चाललंच होतं, "बापू कुठी हाय? आला नाही काय?" सर तिच्या शेजारीच उभे होते. पण उभं माणूस तिला दिसणार कसं?

तेव्हा सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि त्या कडक इस्त्रीच्या शर्टानिशी, त्या शेणसड्याच्या अंगणात, सरळ उताणे झोपले. डोकं अक्काच्या पायांपाशी.

"आला का रे बापू?" अक्का म्हणाली. आवाजच बदलला.

मला टेलरचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. मीही सरांच्या बाजूला मातीत उताणा झालो आणि कॅमेरा डोळ्याला लावला. वर अक्काचा चेहरा होता. मोठे डोळे, हनुवटीवर हिरवं गोंदण.

"वरण टाकाले सांगू का शेजारणीले?" तिनं सरांना विचारलं. मग मला म्हणाली, "मी दर रविवारी इचारतो, दर रविवारी नाही म्हणते हा. लहानपणी कसा होता! विहिरीच्या पाण्यात डाळ शिजेच ना. गठ्ठ राह्यली का ताट लोटून दे, रडे. मंग गावात बोअर आली. एका उकळीत डाळ एकजीव! मी म्हटलं, झालं, आता आपल्या घरात बोअरचंच पाणी. माह्या बापू वरण भुरके मारून खाये."

बाजूला पाहिलं तर सरांच्या डोळ्यांतलं पाणी दोन्हीकडून कानांत उतरत होतं.

"आता रडतं काहून? त्या पाण्याचं तवा तुले तरी ठाऊक होतं का, मले तरी? वरण टाकू का नको, तेवढं सांग."

सरांनी बाहीनं कान पुसले. मग म्हणाले, "टाक अक्का. म्या आणलेल्या पाण्यात टाकाले सांग. वेळ लागन."

"लागू दे ना रे!" अक्का म्हणाली आणि हसली. जुन्या विहिरीच्या पाण्यावर आलेले तिचे दात, अजूनही पांढरेशुभ्र. सरही हसले, हात तोंडाकडे जायला लागला, तशी ती वरून ओरडली, "हात काढ! पाहू दे मले." मी बटण दाबलं.

वरण शिजायला दुपार झाली. सरांनी दोनदा मागून घेतलं.

संध्याकाळी पांढरकवड्यात शिरलो तेव्हा टेलर दुकानाच्या पायरीवर उभा होता. आधी त्यानं सरांची पाठ पाहिली, मग माझी. तोंड उघडंच राहिलं त्याचं.

"रफिकभाई, तुमीबी?"

"हो," मी म्हटलं. "आता दर रविवारी."