सहा मुलींना सप्रेम निरोप

धंदेवाल्याने 'नाही' हा शब्द शिकूच नये, असं भास्कर आवटींचं मत होतं, आणि जर्मनीत बाड हॉम्बुर्गमधलं त्यांचं किराणा दुकान याच मतावर उभं होतं. कुणी कोकम मागितलं, आहे. कुणी शेंगाचटणी मागितली, आहे. म्हणजे आज नाही, पण मंगळवारी नक्की आहे. एकदा कुणीतरी विचारलं, काका, व्हिसासाठी फोटो काढून मिळतील का? त्याच आठवड्यात भास्कररावांनी तांदळाच्या पोत्यांमागे राखाडी पडदा टांगला, जुना कॅमेरा मिळवला आणि ते फोटोग्राफर झाले. (शिकले कुठे? न्हावी शिकतो तिथेच, दुसऱ्याच्या डोक्यावर.)

तर एके दिवशी त्यांच्या लेकीच्या हँडबॉल टीमच्या कोच, फ्राउ लिंडनर, दुकानात चहाचा मसाला घ्यायला आल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या की आपण एक वर्ष अमेरिकेत शिकवत होतो. तिथे शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या खेळाडूंना सीनियर म्हणतात, आणि त्यांच्या शेवटच्या घरच्या मॅचला प्रत्येकाचा मोठा फोटो असलेला बॅनर मैदानाच्या कुंपणावर लावतात. यंदा आपल्याही सहा मुली शाळा सोडणार आहेत. असे बॅनर करून देणारं कुणी ओळखीचं आहे का?

"मी करतो," भास्करराव म्हणाले. फ्राउ लिंडनरांचा प्रश्न अजून पुरता संपलाही नव्हता.

रात्री जेवताना त्यांनी ही बातमी सांगितली तेव्हा उर्जाने घास खाली ठेवला. उर्जा त्या सहांपैकीच एक, टीमची गोलकीपर. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये यायचं. त्यामुळे आवटींच्या घरातलं संभाषण ऐकणाऱ्याला वाटावं, दोन रेडिओ एकदम लागलेत. आता अडचण अशी होती की भास्कररावांना लेकीच्या शाळेची दारं कधीचीच बंद झाली होती. ती पाचवीत असताना पालकसभेत त्यांनी सगळ्या शिक्षकांना आंब्याच्या रसाच्या डब्यांवरच्या सवलतीची पत्रकं वाटली होती. गणिताच्या बाईंनी चार डबे घेतलेही, पण त्या दिवसापासून उर्जाने बापाला मॅचला यायची बंदी घातली, ती आजतागायत. पोरगी गोलपोस्टसमोर उभी कशी राहते, हे भास्कररावांनी फक्त बायकोच्या मोबाइलवर पाहिलं होतं.

उर्जाने बराच विचार केला. मग म्हणाली की ठीक आहे, करा बॅनर, आणि शेवटच्या मॅचला याही. फक्त काही 'पाइनलिश' व्हायला नको. पाइनलिश म्हणजे चारचौघांत मान खाली घालायला लावणारं. झालं, तर आत यायचं नाही, बाहेरूनच घरी जायचं.

"गेनाऊ," भास्करराव म्हणाले. अगदी बरोबर.

शनिवारी सहाही मुली दुकानात आल्या. तांदळाच्या पोत्यांमागे एकेकीला उभं करून भास्कररावांनी फोटो काढले. पण माणसाचा हात एकाच कामाला बसलेला असतो. आजवर त्यांनी हजारेक माणसं व्हिसासाठी टिपली होती, त्यामुळे मुलगी हसली रे हसली की त्यांच्या तोंडून आपोआप निघायचं, "हसायचं नाही. हनुवटी वर. सरळ इकडे बघा." मुलींना वाटलं ही काहीतरी खास स्टाइल आहे. सहाजणी अशा गंभीर, शांत, दूर कुठेतरी बघणाऱ्या आल्या की भास्करराव स्वतःच क्षणभर भारावले.

मग डिझाइन. त्यांचा चुलतभाऊ राजाभाऊ जयसिंगपुरात फ्लेक्सचा धंदा करतो. त्याने तासाभरात नमुना पाठवला: मागे सिंह, वरून वीज, उर्जाच्या डोक्यामागे सोनेरी चक्र, खाली 'आमची वाघीण' आणि कोपऱ्यात हात जोडलेला स्वतः राजाभाऊ. भास्कररावांना तो मनापासून आवडला. (राजाभाऊ सोडून.) त्यांनी तो वीणाताईंना, म्हणजे बायकोला पाठवला. त्या ऑफिसच्या कामाने आठवडाभर बॉनला होत्या. लगेच फोन आला.

"अहो, ही यात्रा नाही," वीणाताई म्हणाल्या. "इथल्या लोकांना साधं आवडतं. काळा-पांढरा फोटो, बारीक काळी चौकट, नाव, आणि खाली एखादी चांगली ओळ. बास."

बायकोचं ऐकण्यात कमीपणा नाही, हे भास्करराव संसारात शिकले होते. आता प्रश्न उरला चांगल्या ओळीचा. त्याचीही सोय होती. भास्करराव जर्मन शिकले ते दारात फुकट येऊन पडणाऱ्या साप्ताहिकातून. पहिली पानं सेलच्या जाहिरातींची, ती धंद्यासाठी पाठ. आणि शेवटून दुसरं पान त्यांच्या खास आवडीचं. काळ्या चौकटी, झाडाचं नाहीतर समुद्राचं चित्र, कवितेच्या दोन ओळी, प्रसन्न म्हाताऱ्या माणसांचे फोटो आणि खाली 'प्रेमाने आणि कृतज्ञतेने आम्ही निरोप देत आहोत' अशा अर्थाची वाक्यं. त्यातल्या 'आबशीड' शब्दाचा अर्थ त्यांनी पूर्वी उर्जाला विचारला होता. तिने सांगितलं होतं, निरोप. तेव्हापासून त्यांची खात्री होती की हे पान नोकरीतून निवृत्त होणाऱ्यांचं. नावाखाली आकडे असायचे, १९३८ ते २०२१. त्र्याऐंशी वर्षं नोकरी! उगीच नाही हा देश पुढे गेला, असं ते गिऱ्हाइकांनाही सांगत.

(कुणी म्हणेल, इतकी वर्षं तिथे राहून माणसाला कळलं कसं नाही? पण आपल्याकडे अशा फोटोला हार असतो, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' असतं, खाली दशक्रियेचा पत्ता असतो. इथे समुद्र आणि कविता. कळावं कसं?)

तेव्हा भास्कररावांनी तीच ओळ उचलली. प्रेमाने आणि कृतज्ञतेने आम्ही निरोप देत आहोत, आमची गोलकीपर, उर्जा. टीममध्ये आली ते साल आणि निघाली ते साल. पेपरात पहिल्या सालाआधी एक तारा असायचा आणि दुसऱ्याआधी अधिकचं चिन्ह, जरा लांब शेपटीचं. त्यांनी अर्थ लावला: चमकत आली, आणि पुढेही वाढत राहो. दोन्ही चिन्हं घातली. सहाही बॅनरवर घातली.

शेजारच्या ओबरउर्सेल गावात एक वयस्कर छपाईवाला होता. त्याने पडद्यावर एकामागून एक सहा चेहरे पाहिले आणि चष्मा काढून डोळे पुसले.

"सगळ्या सहा?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"सहाच्या सहा," भास्करराव अभिमानाने म्हणाले.

"बस?"

टीम मॅचला बसनेच जाते, हे याला कसं माहीत, असं भास्कररावांना वाटलं. पण ओळख वाढवायची संधी सोडू नये. "हो, बस," ते म्हणाले.

म्हाताऱ्याने बाकीची कामं बाजूला ठेवून बॅनर लगोलग छापून दिले आणि निघताना भास्कररावांचा हात दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ सोडलाच नाही. जर्मनीत वेळेआधी काम आणि वर एवढी माया! भास्कररावांनी दुसऱ्या दिवशी त्याला चकलीचं पाकीट नेऊन दिलं.

मॅचच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, त्यांनी एकट्यानेच हँडबॉलच्या हॉलच्या रस्त्याकडच्या कुंपणावर बॅनर लावले. फ्राउ लिंडनरांना आणि मुलींना सरप्राइज द्यायचं होतं. खेळाडूंचं दार मागच्या बाजूला, त्यामुळे शनिवारी मुली सरावाला आत गेल्या त्या काही न बघताच.

मॅचच्या तासभर आधी भास्करराव नवा शर्ट घालून पोचले, तर कुंपणापाशी माणसं जमलेली. बॅनरखाली ट्यूलिपचे गुच्छ ठेवलेले, लाल काचेतले दिवे तेवत होते. भास्कररावांना भरून आलं. फोटोपुढे दिवा लावायची रीत इथेही आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. तेही हात जोडून उभे राहिले. शेजारच्या गृहस्थाने मान हलवून म्हटलं, किती लहान वय. हो ना, भास्करराव म्हणाले, पण पोरी फार मेहनती होत्या. गृहस्थाने उसासा टाकला. त्याला धीर द्यावा म्हणून भास्करराव पुढे म्हणाले, त्यात एवढं वाईट वाटून घेऊ नका, दरवर्षीच पाचसहा जातात. पुढच्या वर्षीच्याही मी आताच हेरून ठेवल्यात.

तो गृहस्थ रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभा राहिला.

एवढ्यात समोरच्या घरातून एक आजीबाई काठी टेकत आल्या. या फ्राउ होल्त्स. त्यांच्या हातात हिरव्या पानांचं गोल कडं होतं. त्या सावकाश उर्जाच्या बॅनरपाशी गेल्या आणि त्यांनी ते कडं फोटोच्या कोपऱ्याला अडकवलं.

फोटोला हार.

भास्कररावांच्या पायांखालची जमीन सरकली. जर्मन वाक्यांचे अर्थ चुकू शकतात, पण फोटोला हार म्हणजे काय, हे जयसिंगपुरात जन्मलेल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. त्र्याऐंशी वर्षांची नोकरी, लांब शेपटीचा तो क्रूस, बसच्या अपघाताचा प्रश्न, छपाईवाल्याचे ओले डोळे, सगळं एका क्षणात जुळलं. त्यांनी धावत जाऊन कडं काढलं. फ्राउ होल्त्सनी परत अडकवलं. भास्कररावांनी परत काढलं. 'जिवंत' हा शब्द त्या साप्ताहिकात कधी आलाच नव्हता, म्हणून ते एवढंच म्हणत राहिले की ती अजून आहे, ती आत आहे. फ्राउ होल्त्सनी त्यांचा खांदा थोपटला. लेक गेलेल्या बापाचं असंच होतं, असा तो हात होता.

पाहुण्या टीमची बस आली तेव्हा तर बोलायची सोय राहिली नाही. मुली खिडकीतून बॅनर वाचतच उतरल्या, दोघी रडायला लागल्या, आणि त्यांच्या कोचने सगळ्यांच्या दंडावर काळी टेप लावायला सुरुवात केली. ही गडबड ऐकून फ्राउ लिंडनर बाहेर आल्या. त्यांच्यामागे, जर्सी घातलेल्या, घामाने थबथबलेल्या, सहाच्या सहा.

फ्राउ होल्त्स बाकावर बसल्या.

सहाजणींनी आपापले बॅनर वाचले.  एकीच्या तोंडून फुस्सकन हसू फुटलं, दुसरी गवतावर बसली, तिसरी आपल्याच बॅनरखाली डोळे मिटून, हातांची घडी छातीवर घेऊन आडवी झाली आणि म्हणाली, फोटो काढा. पाहुण्या मुली रडता रडता हसायला लागल्या. हसली नाही ती एकटी उर्जा. तिने बॅनर वाचला, बापाकडे पाहिलं, म्हणाली, "आल्झो," आणि आत निघून गेली.

आल्झोचा अर्थ 'तर मग' एवढाच. पण पुढचं वाक्य तिने सोडलं होतं, आणि ते भास्कररावांना पाठ होतं. मॅच सुरू झाली तेव्हा ते बाहेरच राहिले. एकेक दिवा विझवत, बॅनर सोडवत, भिंतीपलीकडच्या शिट्ट्या आणि टाळ्या ऐकत. कोणती टाळी आपल्या पोरीची, हे भिंतीतून कळत नाही. बॉनहून वीणाताईंचा फोन आला, बॅनर कसे दिसतात म्हणून. त्यांनी फोटो पाठवला. 

"अहो, तुम्ही पोरीला मारलंत?"

"तूच म्हणालीस, साधं कर."

"साधं म्हटलं होतं मी. शेवटचं नव्हतं म्हटलं."

मध्यंतरात दार उघडलं आणि उर्जा बाहेर आली. तिच्याकडून कळलं की पाहुण्या मुली तिच्यावर जोरात बॉल मारायलाच तयार नाहीत. एकीने तर बॉल अडवल्याबद्दल तिचे आभार मानले. तिने भास्कररावांच्या हातातली गुंडाळी काढून बाकावर ठेवली.

"पापा, आत या," ती म्हणाली, चक्क मराठीत. "इथे असे उभे राहिलात, तर लोक तुमच्यापुढेही दिवे लावतील."

 भास्करराव दाराकडे वळणार, एवढ्यात बाकावरच्या फ्राउ होल्त्सनी काठीने त्या गुंडाळीकडे खूण करून विचारलं की हे सगळं केलं कुणी? दारात दोन्ही टीमच्या मुली उभ्या होत्या, मागे पालक, फ्राउ लिंडनर. सगळे ऐकत होते. उर्जाला सहज खांदे उडवता आले असते. तिने बापाच्या दंडाला धरलं.

"माइन पापा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. माझे पापा.

भास्करराव दोन इंच उंच झाले.

फ्राउ होल्त्सनी त्यांना वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं. मग पर्समधून काळ्या कडेचं एक पाकीट काढलं. ते त्यांनी सकाळी उर्जाच्या घरच्यांसाठी आणलं होतं. आता त्यांनी ते उर्जाच्या हातात दिलं, आणि दोन्ही हातांनी तिचा हात दाबला.

"काय लिहिलंय?" भास्कररावांनी विचारलं.

उर्जाने कार्ड वाचलं, बापाकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासाठी संपूर्ण भाषांतर केलं.

"तुझ्या दुःखात आम्ही सहभागी आहोत."